नागपूरचा मेकॅनिक, सौसरचा कॉम्प्युटर : दुरून विंडोज ११ टाकताना मधला तासभर कोण सांभाळणार?

पांढुर्णा / सौसर : मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. सपोर्ट थांबला म्हणून कॉम्प्युटर बंद पडत नाही. दुसऱ्या दिवशीही कियोस्कवर खसऱ्याची नक्कल निघते, टॅलीत बिल बनतं, प्रिंटर नेहमीसारखा कुरकुरतो. म्हणूनच "चालतंय ना, मग कशाला हात लावायचा" असं म्हणून हा विषय बऱ्याच दुकानांत मागे पडला.

मग थांबलं काय? विंडोजमध्ये दर महिन्याला कुठे ना कुठे भोक सापडतं आणि ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्ट पाठवत असतं. १४ ऑक्टोबरनंतर विंडोज १० ला ते आपोआप येणं बंद झालं. याचा अर्थ कळायला मे २०१७ आठवावा. 'वॉनाक्राय' नावाच्या व्हायरसने तेव्हा जगभरातल्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली होती. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट दोन महिने आधीच, मार्चमध्ये आलं होतं. ज्यांनी टाकलं ते वाचले. ज्यांचं राहून गेलं त्यांच्यात ब्रिटनची सरकारी रुग्णालयं होती, तशीच केरळच्या वायनाड जिल्ह्यातली एक ग्रामपंचायतही होती. लहान गावातल्या मशीनकडे कोण बघतं, हा समज तेव्हाच मोडायला हवा होता.

आपल्याकडे अडचण वेगळी आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून निघून पांढुर्णा जिल्हा झाला, सौसर तहसील त्यात आली, कलेक्टर पांढुर्ण्याला बसू लागले. ऑनलाइन कामाचा पसारा मात्र आधीपासूनच आहे. समग्र आयडीची ई-केवायसी, लाडली बहनाचे फॉर्म, मंडीतली ई-अनुज्ञा, जीएसटीचं रिटर्न, शाळांचे दाखले, सगळं कियोस्कच्या किंवा दुकानाच्या एका मशीनवर. त्या मशीनला काही झालं की आठवण येते नागपूरची. सौसरहून साठ-सत्तर किलोमीटर, पांढुर्ण्याहून नव्वदच्या पुढे. मशीन अनेकदा तिथल्याच सीताबर्डीतून आलेलं असतं, तेही सेकंड हँड. कागद भोपाळचे आणि मेकॅनिक नागपूरचा, ही या पट्ट्याची जुनीच गोष्ट. मेकॅनिक एका विंडोजसाठी गाडी घेऊन येत नाही. तो फोनवर म्हणतो, "भाऊ, रिमोट द्या, इथूनच करून देतो."

होतं का तसं? होतं. पण पूर्ण काम दुरून होत नाही. मध्ये एक टप्पा असा येतो की दुरून बसलेल्याला काहीच दिसत नाही. तेव्हा मशीनसमोर कोण बसलंय यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

आधी मशीन लायक आहे का ते बघा

विंडोज ११ प्रत्येक मशीनवर बसत नाही. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा ही कागदावरची किमान गरज. काम सुखाने व्हायचं तर ८ जीबी रॅम आणि एसएसडी हवीच. खरी अडचण प्रोसेसरची असते. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा लागतो, म्हणजे २०१७ च्या शेवटी आणि त्यानंतर बाजारात आलेला. आपला कोणता ते नावातच असतं. आय-फाइव्हच्या पुढे ४५९० लिहिलं असेल तर तो चौथ्या पिढीचा, म्हणजे नाही चालणार. आय-थ्रीच्या पुढे ८१०० असेल तर आठवी पिढी, चालेल. आकडा १०१०५ असा पाच अंकी असेल तर पहिले दोन अंक धरायचे, तो दहावीचा. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' नावाचं छोटं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते हो की नाही सरळ सांगतं.

दुसरी अट टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट. टीपीएम म्हणजे कुलपांच्या किल्ल्या सांभाळणारी चिप समजा. कित्येक मशीनमध्ये ती असते, पण बंद करून ठेवलेली असते. विंडोज आणि आर ही दोन बटणं एकत्र दाबून 'टीपीएम डॉट एमएससी' टाकलं की ती चालू आहे की नाही ते कळतं.

बसत नसेल तर जुगाड करून बसवून देणारेही आहेत. अट चुकवून विंडोज ११ टाकता येतं हे खरं. पण अशा मशीनला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या अपडेटसाठी हा सगळा खटाटोप, त्याचीच खात्री नसेल तर असा जुगाड कामाच्या मशीनवर न केलेला बरा. त्यापेक्षा विंडोज १० लाच एक वर्ष वाढवून घ्यावं. घरगुती मशीनसाठी ही जादा मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवलेली आहे. २२एच२ ही आवृत्ती असावी लागते आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटने आत जावं लागतं. सेटिंगचा बॅकअप त्या अकाउंटवर ठेवला तर पैसे लागत नाहीत, नाही तर ३० डॉलर. व्यवसायाच्या मशीनसाठी दर वेगळा आहे, पहिल्या वर्षाला मशीनमागे ६१ डॉलर. तेवढ्यात इथे जुनी एसएसडी आणि वर रॅमही येते, म्हणून दुकानदाराने हिशेब मांडूनच ठरवावं.

रिमोट चालू असलं तरी सगळं दिसत नाही

रिमोट म्हणजे दुरच्या माणसाला आपली स्क्रीन दिसते आणि आपला माउस त्याच्या हातात जातो. विंडोजमध्ये 'क्विक असिस्ट' आधीच असतं. मदत करणारा सहा अक्षरांचा कोड सांगतो, आपण तो दहा मिनिटांच्या आत टाकायचा. याशिवाय एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, रस्टडेस्क अशी बरीच आहेत. विंडोजचं स्वतःचं 'रिमोट डेस्कटॉप' होम आवृत्तीच्या मशीनमध्ये बाहेरून आत येऊ देत नाही, त्याला प्रो लागतं. आपल्याकडच्या लॅपटॉपवर बहुतेक होमच असतं.

यातलं कोणतंही घेतलं तरी एक गोष्ट समान आहे. रिमोटचं सॉफ्टवेअर विंडोजच्या आत चालतं. विंडोज चालू तोवर ते चालू. विंडोज झोपलं की तेही झोपलं. सगळ्या अडचणींचं मूळ इथे आहे.

पहिला झटका लहान असतो. सेटअप सुरू करताना विंडोज 'या प्रोग्रॅमला बदल करू द्यायचे का' असं विचारतं. रिमोटला पुरती परवानगी दिलेली नसेल तर ती खिडकी मदत करणाऱ्याला दिसतच नाही, त्याची स्क्रीन थिजते किंवा काळी होते. इकडे समोर बसलेला माणूस वाट बघत राहतो की तिकडून काही तरी होईल. होत नाही. 'यस' त्यानेच दाबायचं असतं.

दुसरी गोष्ट बायोसची. बंद असलेलं टीपीएम किंवा सिक्युअर बूट चालू करायचं तर मशीन सुरू होताना एफ-टू किंवा डिलीट दाबून बायोसमध्ये जावं लागतं. तिथे विंडोजच नाही, मग रिमोट कुठून असणार? मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरना त्यासाठी वेगळी सोय असते, आपल्या टेबलावरच्या मशीनला नसते. यावर मेकॅनिक लोकांनी काढलेला उपाय साधा आहे : व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल लावायचा, मोबाइल डब्याला टेकवून स्क्रीनसमोर उभा करायचा आणि तो सांगेल तसं बटण दाबायचं. इंटेलच्या बोर्डावर टीपीएमचं नाव 'पीटीटी' असं लिहिलेलं असतं, एएमडीच्या बोर्डावर 'एफटीपीएम'. नाव सापडलं नाही म्हणून अंदाजाने दुसरं काही बदलू नये.

बायोसला हात लावण्याआधी एक विचारून घ्या : डिस्कला बिटलॉकर लागलंय का? नव्या लॅपटॉपवर ते मालकाला न कळताही लागलेलं असू शकतं. ते तात्पुरतं थांबवलं नाही, तर बायोसमधल्या बदलानंतर मशीन ४८ आकडी रिकव्हरी किल्ली मागू शकतं. ती किल्ली ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर जमा असते, ते अकाउंट कोणाचं? अनेकदा लॅपटॉप सुरू करून देणाऱ्या भाच्याचं, आणि भाचा पुण्याला. त्याला फोन आधीच करावा. किल्ली सापडली नाही तर त्या डिस्कवरचा सगळा हिशेब आतच राहतो.

तो मधला तास

आता मुख्य काम. विंडोज ११ ची फाइल पाच जीबीच्या वर असते. मोबाइलच्या दिवसाच्या डेटा पॅकवर ती उतरवायला गेलं की अर्ध्यात नेट आटतं, म्हणून ती रात्रीच फायबरवर उतरवून ठेवावी किंवा कोणाकडून पेन ड्राइव्हवर आणावी. सी ड्राइव्हला वीस-पंचवीस जीबी मोकळी ठेवावी. सेटअप विचारतं की फायली आणि प्रोग्रॅम ठेवायचे का. हा पर्याय धूसर दिसत असेल तर तिथेच थांबा. फाइलची भाषा मशीनच्या विंडोजशी जुळत नसली की असं होतं. मशीनवर 'इंग्लिश युनायटेड स्टेट्स' आणि फाइल 'इंग्लिश इंटरनॅशनल', एवढा फरकही पुरतो. तसंच पुढे गेलात तर टॅलीपासून प्रिंटरपर्यंत सगळं परत टाकावं लागेल.

सुरुवातीचे टक्के मेकॅनिकला नागपुरात बसून दिसतात. मग मशीन रीस्टार्ट होतं आणि त्याच्याकडे आपलं मशीन 'ऑफलाइन' होतं. इथून पुढे जुनं विंडोज बंद असतं आणि नवं अजून उभं राहिलेलं नसतं. मधल्या काळात एक तात्पुरती छोटी यंत्रणा फायली हलवते, मशीन दोन-तीनदा बंद-चालू होतं. एसएसडी असेल तर अर्धा-पाऊण तास, जुनी हार्ड डिस्क असेल तर दोन-तीन तासही. फोनवर मग असं काही ऐकू येतं :

"भाऊ, माझ्याकडून गेलं आता. तुमच्याकडे काय दिसतंय?"

"काळी स्क्रीन आहे. गोल गोल फिरतंय. तीस टक्के."

"बस, मग हात नका लावू. पंचावन्नवर थांबल्यासारखं वाटलं तरी बटण नका दाबू."

खरा धोका तेव्हाच असतो. टक्के वीस मिनिटं हलले नाहीत की कोणी तरी वैतागून पॉवरचं बटण दाबतं. किंवा लाईट जाते. विंडोज अशा वेळी बहुतेकदा जुन्यावर परत यायचा प्रयत्न करतं, पण दरवेळी जमेलच असं नाही. डेस्कटॉपला लावलेला छोटा यूपीएस दहा-पंधरा मिनिटांचा धनी, त्याच्या भरवशावर तासाचं काम सुरू करू नये. इन्व्हर्टरवर मशीन घ्यावं, लॅपटॉप असेल तर बॅटरी भरून चार्जरही लावून ठेवावा. वादळ-पावसाच्या दिवशी तर हे काम काढूच नये. आणि महिन्याच्या २० तारखेच्या आधी तर अजिबात नको, जीएसटीचं ३बी रिटर्न गेल्यावरच.

समोर बसणारा माणूसही ठरवून बसवावा. दुकानातल्या पोराला "बघ रे जरा" म्हणून मालक मंडीत गेला, असं चालत नाही. विंडोजचा पासवर्ड माहीत असलेला माणूस हवा, नुसता पिन नव्हे. नव्या विंडोजने कधी कधी पिन नाकारला तर पासवर्डच लागतो.

मशीन नव्या विंडोजवर उठलं की मेकॅनिकला परत आत यायचं असतं. इथे दोन गोष्टी आडव्या येतात. क्विक असिस्टचं सत्र रीस्टार्टला तुटतं, नवा कोड घ्यावा लागतो. एनीडेस्कसारखं सॉफ्टवेअर नुसतं उघडलेलं नसून नीट इन्स्टॉल केलेलं आणि त्याला पासवर्ड लावलेला असेल, तर ते लॉगिनच्या स्क्रीनपासूनच परत हजर होतं. दुसरं म्हणजे नेट. यूएसबीला खोचलेला छोटा वायफाय डोंगल नव्या विंडोजवर ओळखला गेला नाही, तर नेट नाही, आणि नेट नाही म्हणजे मेकॅनिक नाही. अशा वेळी मोबाइल केबलने जोडून 'यूएसबी टेदरिंग' चालू केलं की बहुतेक अँड्रॉइडवरून नेट मिळतं. केबल जवळ असू द्या, एवढंच.

आणि अपग्रेड अडून जुनं विंडोज परत आलं तर? स्क्रीनवर जो लांबलचक आकडा दिसतो त्याचा फोटो काढून पाठवावा. त्यात सी१९००१०१ असं असेल तर दोष बहुतेक ड्रायव्हरचा. म्हणूनच सुरू करण्याआधी प्रिंटर, फिंगरप्रिंट मशीन, डिजिटल सहीचं टोकन, पेन ड्राइव्ह, सगळं काढून ठेवायचं. कीबोर्ड आणि माउस तेवढा ठेवायचा.

आपल्या मशीनवरच्या खास गोष्टी

टॅलीचा बॅकअप मशीनच्या बाहेर हवा. सी ड्राइव्हवरून डी ड्राइव्हवर केलेली कॉपी म्हणजे बॅकअप नव्हे, डिस्क तर तीच. फायली-प्रोग्रॅम ठेवून केलेल्या अपग्रेडमध्ये टॅली सहसा तशीच राहते. फॉरमॅट करायची वेळ आली तर मात्र लायसन्स आधी 'सरेंडर' करून घ्यावं, आणि टॅलीला जोडलेला ईमेल कोणाचा आहे ते त्याहून आधी शोधावं. तो वर्षांपूर्वी काम सोडून गेलेल्या मुनीमजींचा निघाला तर तेवढ्यात अर्धा दिवस जातो.

तहसीलच्या अर्जांसाठी क्रुतिदेव वापरणाऱ्यांचे फाँट अपग्रेडमध्ये राहतात, फॉरमॅटमध्ये जातात. फाँटचं फोल्डर पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवायला दोन मिनिटं लागतात. फिंगरप्रिंट मशीनची आरडी सर्व्हिस आणि डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर मात्र परत टाकावा लागू शकतो, त्यांची सेटअप फाइल आधीच उतरवून ठेवावी. पेन्शनवाल्या आजीबाईचा अंगठा घ्यायची वेळ आल्यावर ती शोधत बसणं बरोबर नाही.

फोन कोणी केला?

रिमोट देणं म्हणजे दुकानाची चावी देणं. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं की एनीडेस्कसारखं ॲप मोबाइलवर टाकायला लावून, त्यावर आलेला नऊ आकडी कोड मागून खात्यातले पैसे काढले जाताहेत. ॲपमध्ये खोट नाही, रोज हजारो मेकॅनिक तेच वापरतात. फरक एवढाच बघायचा : आपण ओळखीच्या माणसाला फोन केला, की अनोळखी माणसाने आपल्याला? "तुमचं विंडोज १० बंद झालंय, मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय" असा फोन आला तर कापून टाका. मायक्रोसॉफ्ट असे फोन करत नाही. आणि विंडोज १० चं लायसन्स खरं असेल तर ११ ला वेगळे पैसे लागत नाहीत, 'विंडोजची किल्ली' म्हणून कोणी हजार-दोन हजार मागत असेल तर तेही समजून घ्यावं. ओळखीचा मेकॅनिक असला तरी त्याने मजुरी तेवढी घ्यायची.

ओळखीचा असला तरी रिमोट देण्याआधी बँकेच्या, कियोस्क वॉलेटच्या आणि जीएसटीच्या पानातून बाहेर पडावं, ब्राउझरमधले जपलेले पासवर्ड पुसावेत. कियोस्कवाल्यांनी तर डेस्कटॉप एकदा नजरेखालून घालावा. तिथे गावातल्या लोकांच्या आधारच्या, बँक पासबुकच्या प्रती पसरलेल्या असतात. मशीन आपलं असेल, ते कागद आपले नाहीत. काम चालू असताना ओटीपी आला तर तो वाचून दाखवू नये, विंडोज टाकायला बँकेचा ओटीपी लागत नाही. पैसे गेलेच तर लाज न बाळगता लगेच १९३० वर फोन करावा. पहिल्या तास-दोन तासांत रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

झाल्यावर

मेकॅनिकने "झालं, भाऊ" म्हटलं की लगेच फोन ठेवू नका. तो लाईनवर असतानाच टॅली उघडून शेवटची नोंद बघा, एक प्रिंट काढा, फिंगरप्रिंट मशीन लावून स्वतःचा अंगठा घेऊन बघा, जीएसटीच्या पानावर टोकनची सही उमटते का ते तपासा. मग रिमोटचा पासवर्ड बदला, नाही तर ते सॉफ्टवेअरच काढून टाका.

जुनं विंडोज दहा दिवस मशीनवरच पडून असतं आणि तेवढ्यात परत जाता येतं. ते वीसेक जीबी जागा खातं म्हणून कोणी लगेच साफ करून देतो म्हणालं तर नको म्हणा. दहा दिवस जाऊ द्या, रोजची सगळी कामं त्यावर एकदा होऊ द्या, मग काढा.